जुनी जीप : इंजिनाआधी चासी तपासा

ट्रॅक्टर जात नाही आणि मोटारसायकलवर माल मावत नाही अशा ठिकाणी आजही जुनी जीप उपयोगी पडते. डोंगरउतारावरची आंब्याची बाग, उसाच्या फडाचा पाणंद रस्ता, नदीपलीकडचे शेत ही तिची खरी कामाची जागा. १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे महिंद्रच्या सीजे, एमएम-५४०, मेजर, कमांडर अशा अनेक जीपगाड्या आल्या. त्यांतल्या कितीतरी पंचवीस-तीस वर्षांच्या होऊनही चालू स्थितीत आहेत. गाडी साधी आहे, सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात आणि गावचा मिस्त्री ती डोळे मिटून खोलू शकतो. त्यामुळे जुनी जीप घ्यावी की नाही, किंवा घरची जीप दुरुस्त करावी की मोडीत काढावी, असा प्रश्न पुष्कळ शेतकरी विचारतात.

हा प्रश्न विचारणारा बहुधा इंजिनाबद्दल बोलतो. धूर किती, सरासरी किती, सकाळी एका झटक्यात चालू होते का, एवढेच पाहिले जाते. वास्तविक इंजिन हा जीपचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. ते उतरवून पुन्हा बांधता येते आणि पंप-नोझल दुरुस्त होतात. ज्या लोखंडी सांगाड्यावर हे सारे बसवलेले असते ती चासी एकदा आतून खाल्ली गेली की गाडी संपली. याच गंजाची दुसरी जागा म्हणजे ब्रेकची नळी. तेथे तो गाडीबरोबर माणसाच्याही जिवावर उठतो. म्हणून प्रस्तुत लेखात गंजाचा विचार आधी आणि यंत्राचा नंतर केला आहे.

गंज कसा चढतो

लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो. दोहोंपैकी एक तोडला तर तो थांबतो. पाण्यात क्षार मिसळले असतील तर ही क्रिया फार वेगाने होते. शेतातल्या गाडीला हे क्षार तीन वाटांनी मिळतात. किनारपट्टीवर खारी हवा असते. मासळीच्या टोपल्यांतून ठिबकणारे खारट पाणी तर थेट पाट्यावर आणि तेथून चासीत उतरते. दुसरी वाट रासायनिक खतांची. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळजवळ निम्मे वजन क्लोराइडचे असते. पिशवी फाटून जीपच्या मागच्या कोपऱ्यात सांडलेले मूठभर पोटॅश पावसाळी हवेतील ओल धरते आणि खालचा पत्रा महिनोन्‌महिने खात राहते. युरिया आणि अमोनियम सल्फेटही ओल ओढून घेतात. पिकासाठी आपण खताचा दाणा न् दाणा मोजतो, गाडीत सांडलेले मात्र झाडून टाकत नाही. तिसरी वाट शेणखताची व मळीची. ही दोन्ही ओली असतात आणि क्षारयुक्तही.

याशिवाय मातीचा प्रश्न आहे. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते हे आपणांस ठाऊकच आहे. पिकाच्या दृष्टीने हा गुण, जीपच्या दृष्टीने दोष. चासीच्या पन्हळीत अडकलेला काळ्या मातीचा गोळा वरून वाळलेला दिसतो, पण बोटाने फोडला तर आत ओलसर असतो. पाऊस संपून महिना झाला तरी त्या जागी लोखंडाचा पावसाळा चालूच असतो.

गव्हाच्या पानावर तांबेऱ्याचे फोड दिसतात तेव्हा बुरशी पानात शिरून आठवडा उलटलेला असतो. जीपच्या रंगाखाली आलेला फुगाही तसाच उशिरा दिसणारा असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. त्यामुळे दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतात तेथे तो आत फुगून पत्रे अलग करतो. दोन पत्र्यांचा सांधा सरळ न दिसता लाटेसारखा दिसला, तर मधे गंज भरला आहे असे समजावे.

चासीची तपासणी

तपासणीसाठी पाव किलोची हातोडी, जाड पेचकस, तारेचा ब्रश, विजेरी आणि लोहचुंबक एवढेच साहित्य पुरते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगडांची उटी लावावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. उचलायचीच झाल्यास खाली लाकडी ठोकळे किंवा घोडे लावावेत.

चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर पुढून मागे हातोडीने हलके ठोके देत जावे. शाबूत लोखंड खणखणीत वाजते. सडलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि खपल्या गळतात. अशा ठिकाणी पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते आत गेले तर पुढचे बोलणे किमतीचे नसून गाडी सोडून देण्याचे असावे.

काही जागा हमखास पाहाव्यात. मागच्या पाटा स्प्रिंगचे आधार व शॅकल ही पहिली जागा. चाकाने उडवलेला सर्व चिखल येथे बसतो आणि मालाचा भारही येथेच येतो. दुसरी जागा म्हणजे मागची आडवी पट्टी, जिला ट्रॉलीचा हुक जोडलेला असतो. तिसरी, पन्हळीवर दुसरी पट्टी जोडून चासी पेटीसारखी बंद केलेली असते ते भाग. त्यांच्या आत ब्रश पोचत नाही आणि रंगही पोचत नाही. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे मातीने बुजलेली असतात. चौथी जागा, बॉडी चासीवर टेकते तेथील रबरी किंवा कॅनव्हासच्या गाद्या. पाणी शोषून घेतलेली अशी गादी वर्षानुवर्षे ओल्या फडक्यासारखी लोखंडाला चिकटून राहते.

तेथून स्टिअरिंग बॉक्सकडे यावे. तो चासीला जेथे बोल्टने बांधलेला असतो तेथे केसासारखी बारीक चीर आहे का, हे तारेचा ब्रश मारून विजेरीच्या उजेडात पाहावे. मदतनिसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितले की चीर असेल तर उघडमीट होताना दिसते.

विकाऊ गाडीच्या खालच्या अंगाला नुकताच काळा डांबरी रंग फासलेला असेल तर संशय घ्यावा. चांगली चासी झाकण्याची कोणाला गरज पडत नाही. बॉडीवर लोहचुंबक फिरवावे. जेथे तो सैल धरतो तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मात्र बॉडीचा पत्रा सडलेला आहे एवढ्यावरून गाडी नाकारू नये. पायाखालचा पत्रा, चाकावरची कमान, काचेच्या चौकटीची खालची कड आणि मागच्या फळक्याची बिजागरी हे भाग नवीन करून मिळतात. पायाखालची रबरी चटई उचलून पाहायला मात्र विसरू नये. तिच्याखाली पाणी साचते आणि घरधन्यालाच ते माहीत नसते.

पूर्वी वडापला लावलेल्या जीपांबद्दल थोडे सावध राहावे असे माझे मत आहे. आतले, मागचे, बाजूला लटकलेले असे पंधरा-वीस उतारू वाहिलेली गाडी आणि घरच्या शेतावर वापरलेली गाडी यांत चासीच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. मागच्या आधारांपाशी वेल्डिंगचे थर दिसले तर कारण बहुधा हेच असते.

चासी नंबर आणि कागदपत्रे

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी चासीवर ठोकलेला नंबर वाचता आला पाहिजे. गंजाने हा नंबर पुसट झाला किंवा त्या जागी वेल्डिंगचा तुकडा बसला, तर गाडी कितीही चांगली चालो, कागदोपत्री ती अडकते. म्हणून नंबराची जागा रॉकेलच्या फडक्याने हळुवार पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर ठेवावा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर तेथे चालवू नये.

अनेक जुन्या पेट्रोल जीपांना नंतर डिझेल इंजिने बसवली गेली. गाडीवरील इंजिन नंबर व इंधनाचा प्रकार नोंदणी पुस्तकाशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परवानगीवाचून केलेला असा बदल ग्राह्य नसतो आणि त्याचा त्रास नव्या मालकाला होतो.

ब्रेकची नळी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत ब्रेक ऑइल नेणारी पोलादी नळी करंगळीच्या निम्म्याहूनही बारीक असते. ती चासीला लागूनच जाते आणि क्लिपांपाशी तिच्यामागे चिखल साचतो. तेथे ती बाहेरून गंजते. जुन्या जीपांतील बहुतेक गाड्यांना ब्रेकचा एकच मार्ग असतो. म्हणजे चारही चाकांना मिळून एकच दाब. नव्या मोटारीत एक मार्ग फुटला तर दुसऱ्यावर दोन चाके तरी थांबतात. जुन्या जीपमध्ये कुठेही एक छिद्र पडले की पाय थेट पाट्याला टेकतो आणि चारही ब्रेक एकाच वेळी जातात. नळी फुटण्याची वेळही ठरलेली असते. ज्या क्षणी आपण सर्वांत जोरात ब्रेक दाबतो, म्हणजे घाटाच्या उतारावर किंवा समोर जनावर आडवे आल्यावर, त्याच क्षणी दाब सर्वांत जास्त असतो.

त्याकरिता दर पावसाळ्यापूर्वी सर्व नळ्या फडक्याने पुसून नखाने चाचपाव्यात. खड्डे हाताला लागले तर नळी बदलावी. गंजलेल्या तुकड्यापुरता डाग देणे, वेल्डिंग करणे किंवा साधी तांब्याची नळी जोडणे हे उपाय गावोगाव चालतात. ते जिवावरचे आहेत. ब्रेकसाठीच बनवलेली नळी, तिची तोंडे योग्य हत्याराने दुमडून बसवावी. चाकांजवळचे रबरी होजही चिरलेले किंवा फुगलेले असल्यास त्याच वेळी बदलावेत.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते हे फार थोड्यांना माहीत असते. काही वर्षे तेच ऑइल राहिले की त्यातील पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो, पिस्टन अडकतो व गाडी एका बाजूला ओढू लागते. शिवाय लांब उतारावर ब्रेक तापले की हे पाणी उकळते, नळीत वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. म्हणून दोन वर्षांतून एकदा सर्व ऑइल काढून नवीन, बंद डब्यातील ऑइल भरावे. त्यात इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल चुकूनही मिसळू नये. त्याने रबरी कप फुगतात. कप धुण्यासाठी डिझेल किंवा पेट्रोलही वापरू नये.

ओढ्यातून किंवा भाताच्या खाचरातून गाडी बाहेर काढल्यावर ड्रममध्ये पाणी असते. थोडे अंतर सावकाश जात ब्रेक हलका दाबून ते वाळवावे, मगच वेग घ्यावा. हंगाम संपल्यावर चारही ड्रम उघडून आतील बारीक चिखल काढावा. त्यात वाळू असेल तर लायनर व ड्रम दोन्ही घासले जातात.

तेलात पाणी

पुढचा-मागचा अॅक्सल, गिअर बॉक्स व ट्रान्स्फर केस यांच्या डोक्यावर हवा जाण्यायेण्यासाठी ब्रीदर नावाची लहान टोपी असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. चालून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती उणीव ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढून भरून निघते. उलट, रस्त्यावर अॅक्सल तापला की आतील दाब वाढून तेल सीलबाहेर ढकलले जाते आणि ब्रेकच्या लायनरवर पडते. मिस्त्री सील बदलतो, महिन्याने पुन्हा गळती, पुन्हा सील. शंभरात पुष्कळदा दोष त्या चार आण्याच्या टोपीत असतो. ती काढून डिझेलने धुवावी, एवढेच काम.

तेलात पाणी शिरले आहे का, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी इंजिन चालू करण्याआधी खालचा नट थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसलेले असते व तेच आधी बाहेर येते. तेल दुधाळ झालेले असेल तर रात्रभराने वेगळे होणार नाही, ते सगळेच बदलावे. दुधाळ तेलात बेअरिंग गंजतात आणि मग चालताना घुंऽऽ असा आवाज येऊ लागतो.

सीजे जातीच्या जुन्या जीपांत आणखी एक गंमत आढळते. गिअर बॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामधील सील झिजले की एकातील तेल दुसऱ्यात उतरते. एक भरून वाहतो आणि दुसरा कोरडा चालतो. म्हणून तेलाची पातळी दोन्हीकडे स्वतंत्रपणे पाहावी.

चार चाकांचा लिव्हर

चार चाकांची ओढ चिखल, वाळू व सैल मातीसाठी आहे. डांबरी रस्त्यावर ती लावून वळण घेतल्यास पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर चालतात. चाक घसरायला वाव नसल्याने हा फरक शाफ्ट, क्रॉस व दात्यांवर पिळासारखा साठतो. मग लिव्हर अडकतो आणि काही जण त्यावर हातोडा मारतात. तसे न करता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. पीळ सुटतो व लिव्हर हाताने निघतो. याउलट वर्षभर लिव्हरला हातच लावला नाही तर सांधे गंजून ऐन चिखलात तो पडत नाही. महिन्यातून एकदा शेतातल्या मऊ जमिनीवर चार चाके लावून थोडे अंतर चालवावे.

पुढची चाके चाळीस-पन्नासच्या वेगाला थरथरू लागली की लोक टायरला दोष देतात. टायर पाहावेतच, पण त्याआधी पुढचे चाक उचलून वर व खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर किंगपिनचे किंवा चाकाचे बेअरिंग सैल आहे. आडवे धरून हलवल्यावर खेळ आला तर दांड्यांचे बॉल जॉइंट झिजलेले आहेत. पाटा स्प्रिंगचे यू-बोल्ट सैल असतील तर सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकतो, म्हणून तेही पान्याने आवळून पाहावेत.

इंजिनाबाबत दोनच गोष्टी सांगतो. पहिली, थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड. गाडी तापते म्हणून तो काढला की मूळ कारण, म्हणजे क्षारांनी बुजलेला रेडिएटर, तसेच राहते आणि इंजिन मात्र नेहमी थंड चालून लवकर झिजते. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी न घालता शुद्ध पाणी व कूलंट घालावे. कूलंट इंजिनाच्या आतील गंजही रोखतो. दुसरी, बॅटरी नवी असूनही स्टार्टर मंद फिरत असेल तर दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी सोडवून तिच्या दोन्ही टोकांखालचे लोखंड चकचकीत घासावे. तेथील गंज वीज अडवतो.

दुरुस्ती व निगा

गंजावर नुसता रंग मारणे म्हणजे तणावर माती लोटणे. खपल्या काढून, तारेच्या ब्रशने चमक येईपर्यंत घासून, उरलेल्या डागांवर फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावावे. हातमोजे व चष्मा वापरावा. डब्यावरील सूचनेप्रमाणे धुऊन पूर्ण वाळल्यावर प्रायमरचे दोन हात व मग रंग द्यावा. चासीचा भोक पडलेला भाग शाबूत लोखंडापर्यंत कापून काढून मगच नवा तुकडा जोडावा. सडक्या पत्र्यावर चढवलेला तुकडा मधली ओल कोंडून ठेवतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. इंधनाची टाकी जुन्या सीजेमध्ये चालकाच्या बैठकीखालीच असते, तेव्हा जवळ वेल्डिंग करायचे असल्यास ती आधी उतरवून दूर ठेवावी. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. टाकीवर गावात वेल्डिंग करून घेऊ नये.

चासीवर जळके ऑइल फवारण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्याने गंज थोडा थांबतो हे खरे. पण ते रबरी बुश व होज खराब करते, ब्रेकवर उडू शकते, हाताच्या त्वचेला अपायकारक असते आणि ठिबकून विहिरीकाठच्या मातीत जाते. त्याऐवजी बंद पोकळ्यांत गंजरोधक मेणाचा फवारा व उघड्या सांध्यांवर ग्रीस वापरावे.

वर्षातून दोनदा गाडीकडे नीट पाहावे. मृग लागण्यापूर्वी पाणी जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत, ब्रेकच्या नळ्या तपासाव्यात आणि सर्व निपलांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. दुसरी वेळ खंडेनवमीची. हार घालण्याच्या आदल्या दिवशी चासी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावी. पाण्याचा जोरदार झोत चाकांच्या बेअरिंगवर व सीलवर मारू नये. धुतल्यावर चटया काढून गाडी दोन दिवस उन्हात उभी करावी. मासळी, खत किंवा शेणखत वाहिले असेल तर मात्र खंडेनवमीची वाट न पाहता त्याच संध्याकाळी मागचा भाग धुऊन घ्यावा.

पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर गवतावर किंवा ओल्या मातीवर ठेवू नये. खालून वाफ चढते. फरशीवर किंवा मुरुमावर, वर छप्पर व चारही बाजूंनी वारा अशी जागा निवडावी. अंगाला घट्ट प्लॅस्टिक गुंडाळू नये, कारण आतली ओल आतच राहते. हातब्रेक ओढून ठेवल्यास लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून तो सोडून चाकांना उटी लावावी, बॅटरीची तार काढावी आणि डिझेल गाडीची टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव साचून टाकी आतून गंजणार नाही.